ज्वारीला पंखा कशाला

खटकचिंचोळी, ता. भालकी
बुधवार, दि. १२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप बालाजीअण्णांच्या पायांवर तानाजीनं इथूनच डोकं ठेवलं आहे, असं समजावं.

इकडे आम्ही तिघेही बरे आहोत. अप्पांचा खोकला पंधरा दिवसांपूर्वी होता तेवढाच आहे, वाढला नाही आणि हटलाही नाही. आईचे गुडघे दुखतात, पण ती तसं म्हणत नाही. उठताना भिंतीला हात लावते त्यावरून मी ओळखतो. तुमच्या खांद्याला आराम पडला का ते कळवा. तिकडे कलबुर्गीत डाळ मिलच्या वजनकाट्यावर दिवसभर मान वाकडी करून आकडे वाचल्यामुळे तो धरतो असं माझं मत आहे (काटा दुसऱ्या हाताला ठेवून बघा). सौ. मंजुश्री वहिनींची दाढ काढली की राखली तेही लिहा. त्यांना नमस्कार सांगा, मात्र हे पत्र दाखवू नका. का ते पुढे येईलच.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. अप्पांचा फोन इतक्या मोठ्यानं बोलतो की तुमचं बोलणं समोरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जातं, आणि व्हॉट्सॲपवर काही लिहिलं तर ते तुमच्याआधी वहिनी वाचतात (संक्रांतीला मी तुम्हाला पाठवलेल्या निरोपाला उत्तर म्हणून आलेला फुलांचा गुच्छ तुम्ही पाठवलेला नव्हता, एवढं मला कळतं). म्हणून पाकीट. ते डिंकानं चिकटवून वर दोन पिना मारणार आहे. पिना वाकलेल्या दिसल्या तर तसं कळवा.

तुम्ही त्या रविवारी एकच गोष्ट सांगितली होती. नव्या घराला लाईट फिटिंगचा खर्च किती येईल, तेवढा आकडा वीरेश वायरमनकडून घेऊन कळव. तुमच्या दृष्टीनं हे दहा मिनिटांचं काम. आज सतरावा दिवस आहे. आकडा माझ्याकडे आहे, एक सोडून तीन आहेत, पण त्याआधी मला तुम्हाला काही विचारायचं आहे, आणि ते एकदम विचारायची हिंमत होत नाही म्हणून क्रमानं लिहितो. विचारायचं ते हे, की अक्षय तृतीयेला आपण ज्या घरात राहायला जाणार आहोत ते एक घर आहे की दोन.

वीरेश मागच्या आठवड्यात सोमवारी आला. त्याची पद्धत तुम्हाला माहीत नसेल. तो टेप आणत नाही, कागद आणत नाही. खिशातून खडूचा तुकडा काढतो आणि विटांच्या भिंतीवर खुणा करत घरातून चालत जातो. फुली म्हणजे दिवा, गोल म्हणजे पंखा, चौकोन म्हणजे प्लग. प्रत्येक खूण म्हणजे एक पॉइंट, आणि मजुरी पॉइंटवर, एका पॉइंटला तीनशे. शेवटी त्यानं सिमेंटच्या पोत्याचा कागद फाडला आणि त्यावर लिहिलं, पॉइंट ४७, मीटर २. मी घड्याळ लावलं होतं. पूर्ण घराला बारा मिनिटं लागली, त्यातली तीन त्यानं अप्पांनी दिलेला चहा पिण्यात घालवली. नऊ मिनिटांत माणूस सत्तेचाळीस मोजतो कसा, हा पहिला संशय. तो गेल्यावर मी एकट्यानं मोजले, एकदा दारातून आत जाताना आणि एकदा उलट बाहेर येताना. दोन्ही वेळा एकतीस भरले.

शिवाय त्याच्या सामानाच्या यादीत वायर, पाइप, बोर्ड, बटणं हे सगळं झाल्यावर सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, मीठ वीस किलो आणि कोळसा वीस किलो लिहिलेलं होतं. अण्णा, वायरमनच्या यादीत मीठ. मी विचारलं तर म्हणाला, अर्थिंगच्या खड्ड्यात घालायचं, जमिनीत लाईट मुरायला लागतंय. वीरेशच्या घरी दोन म्हशी आहेत आणि म्हशींना मीठ लागतं, एवढंच मी वहीत लिहून ठेवलं. कोळसा त्याच्या घरी कशाला लागतो ते अजून कळायचं आहे.

वायर किती लागेल हे त्यानं नजरेनं सांगितलं होतं. नजरेवर बंडलं विकत घ्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी सुतळी आणली. प्रत्येक बोर्डच्या खुणेपासून भिंतीवर सरळ वर, मग छताच्या कडेनं, मग पंख्यापर्यंत, अशी खिळ्यांवरून सुतळी ताणली आणि सगळं घर मोजायला काढलं. दुपारी अप्पा नव्या घरात सावलीला आडवं व्हायला आले ते थेट दोन सुतळ्यांत पाय अडकून उभे राहिले. तानाजी, घर बांधायलाव का जाळं इणायलाव, असं ते म्हणाले. मी म्हटलं, हालू नका, हॉलची लांबी बिघडेल. ते तसेच उभे राहिले, एक पाय वर धरून, माझं लिहून होईपर्यंत. (अप्पांनी एवढं ऐकून घ्यावं, हेही मला त्या दिवशी खटकलं. ज्याच्या मनात काही असतं तो माणूस गरीब होतो.)

ती सुतळी घेऊन मी भालकीला सोमशेखर शेठच्या लाईटच्या दुकानात गेलो. दुकान जुनं आहे आणि आपला त्यांच्याशी काही संबंध नाही, म्हणून ते खरं सांगतील असा अंदाज होता. सुतळीचा गुंडाळा काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, एवढी वायर लागते, वीरेशनं याच्या जवळजवळ तिप्पट लिहिली आहे. शेठनं सुतळी हातात घेऊन बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"तम्मा, लाईट नुसती जात न्हाई, वापसबी येती. जायला एक वायर, यायला एक, अन् अर्थिंगची तिसरी."

मी विचारलं, दिव्यात जळून गेलेली लाईट परत कशी येते, आणि ती परतच जाणार असेल तर तिचे पैसे आपण का भरायचे. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. शेठ हसले नाहीत. ते म्हणाले, "हे लाईट ऑफिसात इचार तू. मलाबी ऐकायचंय काय म्हणतेत ते." (मी नववीपर्यंत शिकलो. विजेचा धडा दहावीला होता असं ऐकतो.) मिठाचं विचारलं तर म्हणाले, लागतं, आमच्याकडूनच घेऊन जा. दुकानात मिठाची पोती खरंच होती, रिकाम्या कॉइलांच्या मागं. म्हणजे एक तर वीरेश खरं बोलला किंवा शेठच्याही म्हशी आहेत. घरी येऊन सुतळीची तिप्पट केली तर ती वीरेशच्या यादीपेक्षा एक बंडल जास्तच भरली. म्हणजे वीरेशनं एक बंडल कमी लिहिलं होतं. कमी का लिहिलं, हा दुसरा संशय, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता, कारण जास्त लिहिणाऱ्या माणसाचं कारण तरी समजतं.

पॉइंट मोजायची त्याची रीत काय ते त्याला न विचारता कळायला हवं होतं. आपल्या गल्लीच्या टोकाला ईरम्माअक्कांचं नवं घर आहे, त्याचं काम मागच्या वर्षी वीरेशनंच केलं. मी वही, पेन्सिल आणि लोखंडी टेप घेऊन भर दुपारी गेलो. दारात त्यांच्या सासूबाई यल्लम्मा बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली वही बघितली आणि लगबगीनं आत गेल्या. मी लाईट ऑफिसचा माणूस आहे अशी त्यांची समजूत झाली (त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, आणि मी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता). आत विजेवर तापणाऱ्या तारेच्या शेगडीवर दूध ठेवलेलं होतं. त्यांनी दूध उतरवलं आणि शेगडी गोधडीखाली लपवून वर स्वतः बसल्या. मी सावकाश मोजत होतो. मधल्या खोलीत सात झाले तेव्हा गोधडीतून धूर यायला लागला. तरी त्या उठेनात. मी म्हटलं, आज्जी, जळायलंय. त्या म्हणाल्या, काय जळत न्हाई, तू तुझं लिव अन् जा. शेवटी ईरम्माअक्का मागच्या दारानं आल्या, सासूला हाताला धरून उठवलं आणि हंड्यातलं पाणी ओतलं. गोधडी दोन वीत जळाली. यल्लम्माआज्जी ठीक आहेत.

मग ईरम्माअक्कांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "राजूअक्का तुला सांगिटल्या व्हय?"

राजूअक्का म्हणजे आपली आई. मी म्हटलं, काय सांगायचं होतं? त्या म्हणाल्या, काय न्हाई, च्या घे. त्या चहात तीन चमचे साखर होती. विनाकारण एवढी साखर घालणारा माणूस काहीतरी झाकत असतो, हे मी लिहून ठेवलं आणि मोजणी पूर्ण केली.

तिथे मात्र मला हवं ते सापडलं. मीटरच्या डब्याच्या झाकणाला आतून वीरेश आपला हिशेब पेन्सिलीनं लिहून ठेवतो. तो आणि माझी मोजणी शेजारी ठेवून बघितली तर त्याची रीत उलगडली. जिन्याचा दिवा खालून आणि वरून दोन बटणांनी लागतो, म्हणून तो दोन धरतो. कूलर, फ्रिज, पाण्याची मोटार, आंघोळीचं गरम पाणी, यांना जाड वायर लागते म्हणून हे चारही दुप्पट. दारावरची घंटी एक, जी मी मोजलीच नव्हती. आणि बोर्डावर बटणांच्या शेजारी जो प्लग असतो तो अर्धा पॉइंट (माझी समजूत होती की तो बोर्डासोबत फुकट येतो). आपल्याकडे असे बोर्ड दहा. म्हणजे एक, चार, एक आणि पाच, असे अकरा. माझे एकतीस आणि हे अकरा मिळून बेचाळीस. राहिले पाच. बेचाळिसाला वीरेश बरोबर होता, हे मी मान्य करतो. त्याच्याविषयी वहीत लिहिलेलं म्हशींचं पान मी फाडलेलं नाही, पण दुमडून ठेवलं आहे.

ते पाच पॉइंट कुठं आहेत ते शोधायला मला अर्धा दिवस लागला, कारण मी त्या खोलीत मोजायला गेलोच नव्हतो. धान्याच्या खोलीत काय मोजायचं? एक दिवा असेल म्हणून मी पुढे गेलो होतो, आणि तोही लागतोच कशाला म्हणून लिहिला नव्हता. आत जाऊन बघितलं तर भिंतीवर एक फुली, एक मोठा गोल, खिडकीच्या वर एक लहान गोल आणि खाली एक जाड चौकोन. दिवा, पंखा, धूर बाहेर टाकणारा पंखा आणि एक दुप्पट धरायचा पॉइंट, ज्यावर यंत्र चालतं. झाले पाच. मी वर बघितलं, तर छतात पंख्याचा डबा. अण्णा, तो डबा स्लॅब ओतायच्या आधी बसवावा लागतो. म्हणजे जे काही ठरलं ते डिसेंबरच्या आधी ठरलं, आणि आपण सगळे स्लॅबच्या दिवशी लापशी खात होतो तेव्हा कुणाला तरी ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वीरेशला गिरणीपाशी गाठला. म्हटलं, "ज्वारीला पंखा कामून रे?"

"कामून म्हंजे, तिला गरमी न्हाई का होत?"

"अन् धुराचा पंखा? ज्वारी बिड्या ओढायलीय का?"

तो खाली बघायला लागला. म्हणाला, "तुमच्याच घरातल्या माणसानं सांगिटलंय. मी जबान दिलोय. नाव इचारू नका."

आता दुसऱ्या मीटरचं बघा. दोनशे युनिटांपर्यंत बिल माफ आहे, तेव्हा दोन मीटर घेऊन माफी दुप्पट करायची, असा कुणीतरी विचार केला असेल, असं मी एक पूर्ण दिवस धरून चाललो आणि त्या दिवशी मला झोपही चांगली लागली. पण मीटर दोन असले तरी चूल एक असू शकते. धुराचा पंखा आला म्हणजे चूल दोन. दोन चुली, दोन मीटर, आणि धान्याच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं स्वतंत्र दार आहेच. करजगीच्या काकांकडे असंच झालं होतं. आधी मीटर दोन झाले, मग चुली, मग विहिरीवरची मोटार चालवायचे दिवस वाटून घेतले, आणि मग अंगणात भिंत. मी आठ वर्षांचा होतो. भिंतीच्या पहिल्या थराच्या विटा मीच मोजून दिल्या होत्या, कारण काका म्हणाले, पोराचा आकडा पक्का आहे. त्या एकशे बारा होत्या.

तेव्हा स्पष्ट लिहितो. माझा पहिला संशय तुमच्यावर होता, आणि वहिनींवर. दिवाळीत त्या त्याच खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, इथं वारा चांगला येतो. मी तारीख लिहून ठेवली आहे. घर मोठ्या भावाच्या पैशानं वर येतं आहे, तेव्हा मोठ्या भावानं आपला भाग आधीच वेगळा काढून ठेवला तर त्याला कोण काय म्हणणार, असं मी स्वतःला समजावत होतो. पण मला निदान सांगायचं तरी.

खात्री करायला मी काल सकाळी ओलं फडकं घेतलं आणि त्या खोलीतल्या चारही खुणा पुसून टाकल्या. शुक्रवारी वीरेश भिंती कापायचं मशीन घेऊन येणार आहे. जिथं खूण नाही तिथं तो कापत नाही. वीरेशचा उरलेला खडू मी आधीच खिशात टाकला होता. ज्याला त्या खोलीची गरज आहे तोच खुणा परत करणार. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं, भालकीला जाऊन येतो, म्हणालो, आणि नाक्यापर्यंत जाऊन चार वाजता परत आलो.

खुणा परत आल्या होत्या. खडू नसल्यामुळे त्या चुन्यानं केलेल्या होत्या, बोटानं. घरात चुना एकाच माणसाकडे असतो, अप्पांच्या तंबाखूच्या डबीत. मी डबी बघितली, ती खरवडून रिकामी. अप्पाच, असं मी ठरवलं. पण ठरवून झाल्यावरही मी टेप लावतो, ही माझी सवय तुम्हाला माहीत आहे. वीरेशची जाड चौकोनाची खूण सगळीकडे साडेचार फुटांवर असते. ही चार फूट एक इंचावर होती. अप्पांची उंची बघता त्यांना एवढ्या खाली खूण करायची तर वाकावं लागेल, आणि वाकले की ते खोकतात. आणि छतातल्या पंख्यासाठी भिंतीवर जो गोल करतात तो नुसता गोल नव्हता. त्याच्या मधे एक ठिपका होता आणि चारी बाजूंनी पाकळ्या, सारख्या अंतरावर, आठ. तसा गोल आपल्या उंबऱ्यावर दर दिवाळीला असतो. भिंतीवर चार फूट एक इंचाला कुणाचा हात पोचतो तेही मला माहीत आहे, कारण जुन्या घरात त्याच उंचीवर भिंत काळी पडली आहे, उठताना आधार घेऊन घेऊन.

अण्णा, ती आई आहे.

आईला आपण वेगळे व्हायला हवे आहोत, की आईलाच आपल्यापासून वेगळं व्हायचं आहे, यातलं कोणतं ते मला मोजून काढता येत नाही. काल जेवताना तिनं मला न विचारता दोनदा भाकरी वाढली आणि मी ती खाली मान घालून खाल्ली. विचारलं नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली तर पुढं काय लिहायचं ते मला येत नाही. तुम्ही मोठे आहात, तुम्हाला ती खरं सांगेल. दोन दिवसांची सुट्टी काढून या. पॉइंट सत्तेचाळीस आहेत, पण मीटर एक धरायचा की दोन, ते तुम्ही आल्याशिवाय मी वीरेशला सांगणार नाही.

चूक काही लिहिलं असेल तर ते माझं, अक्षर चुकलं असेल तर ते पेनचं.

तुमचा धाकटा (आणि आजपर्यंत एकाच घरातला)
तानाजी

ता. क. (गुरुवार) : पत्र काल टाकलं नाही. पोस्टाच्या पेटीचं कुलूप उघडं दिसलं, आणि बरंच झालं. आज दुपारी धान्याच्या खोलीत बोलण्याचा आवाज आला म्हणून मी टेप घेऊन गेलो, तर आई आणि ईरम्माअक्का भिंत वितीनं मोजत होत्या. मी दारात उभा राहिलो आणि विचारलं, आई, ही दुसरी चूल कुणाची?

"माझी."

"अन् मीटर?"

"तेबी माझं."

ईरम्माअक्का म्हणाल्या, आता सांगून टाका, राजूअक्का, न्हाईतर हा आणखी कुणाची तरी गोधडी जाळंल. तेव्हा आईनं सांगितलं. दोघी मिळून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकणार आहेत. बीदरचा एक दुकानदार आणि कमठाण्याच्या रस्त्यावरच्या दोन खानावळी रोज घ्यायला तयार आहेत. भाकरी थापायचं यंत्र ठरलं आहे, जाड चौकोन त्याचाच. चुलीपाशी बसणाऱ्याला पंखा, खिडकीत धुराचा. धंद्याची लाईन वेगळी घ्यावी लागते, घरच्याच मीटरवर यंत्र चालवलं तर घराची माफी जाईल, म्हणून दुसरं मीटर. हे सगळं तिला वीरेशनं समजावलं. सरकारकडून महिन्याला येणाऱ्या दोन हजारांतून तिनं आपल्या पाच पॉइंटांचे पंधराशे वीरेशला नोव्हेंबरातच देऊन टाकले आहेत, म्हणून तो ते पाच कमी करायला तयार नव्हता. मी म्हटलं, मला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तुला सांगिटलं असतं तर तू आधी भाकरीचा घेर मोजला असतास, मग चार गावचा भाव काढला असतास, अन् तवर माझं वय झालं असतं. मी म्हटलं, मग घर एकच आहे ना? ती म्हणाली, येडा का तू, आन् आलासच तर ते पोतं इकडं सरकव.

पोतं जड होतं.

तेव्हा मूळ विनंती आता वेगळीच आहे. हे अप्पांना माहीत नाही. भगवानरावाची बायको भाकरी इकायलीय, असं चार लोक म्हणतील आणि ते ऐकून ह्यांचा खोकला वाढेल, असं आईचं म्हणणं आहे. तुम्ही येऊ नका. फक्त अप्पांना फोन करून सांगा की ते पाच पॉइंट आणि दुसरं मीटर तुम्हीच काढायला सांगितलं आहे, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. मी तुम्हाला खोटं बोलायला सांगतो आहे हे मला कळतं. वहिनींबद्दल वर ज्या ओळी आहेत त्या मी खोडणार होतो, पण पान खराब दिसलं असतं. तुम्हीच खोडा. त्या खोलीत वारा मात्र खरंच चांगला येतो.

ता. क. २ (शुक्रवार) : फोन करू नका.

आज वीरेश यायच्या आधी मी शेवटची मोजणी करायला गेलो. धान्याच्या खोलीच्या बाहेर, रस्त्याच्या दारापाशी, काल नसलेल्या दोन खुणा होत्या. चुन्याच्या. दाराच्या वर सात फुटांवर एक फुली, डाव्या हाताच्या माणसानं केल्यासारखी तिरकी, आणि खाली टेबलाच्या उंचीला एक लहान चौकोन. सात फुटांवर घरात एकाच माणसाचा हात पोचतो, आणि तो डावखुरा आहे. अप्पा समोर बाजेवर नवी डबी घेऊन बसले होते. तेच म्हणाले, "दोन दिसांत एक डबी संपायलीय तानाजी. कोण खायलंय ते बघ जरा, वहीत लिहून ठेव."

वीरेशनं मशीन लावलं. फुलीचं मी विचारलं नाही, ते कळलं. संध्याकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकाला दार दिसायला हवं. चौकोनाचं विचारलं. म्हणाला, चटणी वजनावर जाती, बिजलीच्या काट्याला प्लग लागतोय. मी म्हटलं, आई आणि ईरम्माअक्का दोघींनाही काटा वाचता येत नाही, मग काट्यावर बसणार कोण? वीरेश म्हणाला, "मला काय ठावं. अप्पा म्हणाले, माणूस हाय आपला. सध्या कलबुर्गीत हाय."

फुली एक आणि काट्याचा प्लग त्याच बोर्डावर म्हणून अर्धा. एकूण साडेअठ्ठेचाळीस पॉइंट, मजुरी चौदा हजार पाचशे पन्नास, त्यातले पंधराशे आईनं दिले आहेत, अप्पांच्या दीड पॉइंटचे साडेचारशे कुणी द्यायचे ते त्यांनी सांगितलेलं नाही. हा आकडा पक्का आहे, मी आतून बाहेर आणि बाहेरून आत मोजला आहे.

आता मला एकच कळवा, आणि खरं कळवा. तो काटा तुम्हाला ठाऊक होता का? आणि असेल तर स्लॅबच्या आधीपासून की नंतर?